तयार धंदा विकणाऱ्याचे पोट कशावर चालते?

व्याख्यान संपले की एखादा तरुण हमखास गाठतो. "सर, अमुक कंपनीची फ्रँचायझी मिळतेय, घेऊ का?" पैसे बहुधा आईचे दागिने मोडून, नाहीतर वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून यायचे असतात. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाची माणसं, नफ्यातोट्याचा हिशेब काय सांगणार? पण इतिहास वाचून एक प्रश्न मात्र आम्ही शिकलो आहोत. विकणाऱ्याला पैसे मिळतात कधी? आपण सही करतो तेव्हा, की आपले दुकान चालते तेव्हा?

१९५४ साली अमेरिकेत रे क्रॉक हा मिल्कशेकची यंत्रे विकणारा गृहस्थ सॅन बर्नार्डिनो गावी मॅकडोनाल्ड बंधूंच्या हॉटेलात गेला. त्यांची पद्धत इतरांना देण्याचा हक्क त्याने मिळवला. प्रवेश शुल्क ठेवले ९५० डॉलर, आणि पुढे विक्रीवर १.९ टक्के, त्यातला अर्धा टक्का बंधूंचा. आता बघा, इतक्या शुल्कात कोण श्रीमंत होणार? दुकानदाराचा गल्ला भरला तरच क्रॉकचे चालणार होते.

पण तेवढ्यावरही भागेना. मग १९५६ मध्ये कंपनीने जागा स्वतः ताब्यात घेऊन त्या दुकानदाराला चढ्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. ठरलेले भाडे किंवा विक्रीचा हिस्सा, यांतले जे जास्त असेल ते घ्यायचे. म्हणजे दुकान चालण्यात दोघांचे हित होतेच, पण गाळ्याची दोरी कंपनीच्या हाती गेली. म्हणून दुसरा प्रश्न असा, की करार संपला तर आपल्या हातात उरते काय?

आता उलटे उदाहरण घेऊ. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मिनी पर्ल या लोकप्रिय विनोदी कलावतीच्या नावाने तळलेल्या कोंबडीची साखळी निघाली. फ्रँचायझ्या धडाधड विकल्या गेल्या, प्रत्यक्षात उघडलेली दुकाने त्या मानाने थोडी. तरी न उघडलेल्या दुकानांचे शुल्कही कंपनी त्याच वर्षीच्या उत्पन्नात धरत होती. शेअर वर गेला, आणि थोड्याच वर्षांत सगळा डोलारा कोसळला. तिथे विकायचा खरा माल कोंबडी नव्हताच, 'संधी' हाच माल होता.

अशा अनुभवांनंतर कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये कायदा केला. १९७९ पासून अमेरिकेत देशभर नियम लागू झाला, की सहीच्या आधी विकणाऱ्याने लेखी माहिती द्यायची. १९८१ मध्ये हिशेबाचा दंडकही आला, की कबूल केलेली कामे बहुतांशी पुरी झाल्यावरच प्रवेश शुल्क उत्पन्नात धरावे.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मुख्य आधार १८७२च्या करार कायद्याचा, आणि तो बहुधा भांडण झाल्यावर आठवतो. तेव्हा चौकशी आपणच करायची. चालू दुकानदारांची यादी मागा. सोडून गेलेल्यांचीही मागा, आणि आधी त्यांनाच भेटा. कंपनीने दाखवलेल्या चकचकीत दुकानात सगळेच छान बोलतात हो!

यादी द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचे उत्तर आपल्याला मिळालेले असते. दागिने तेव्हा कपाटातच राहू द्यावेत.