रूढी एकट्याने सुटत नाही

विहाराचा वर्धापन दिन जवळ आला की आपण पंचशील ध्वज नवा लावतो, भिंतींना रंग देतो, सामूहिक वंदना घेतो आणि संध्याकाळी भोजनदान करतो. यंदा स्मरणिकाही निघत आहे. तिच्यात काही लिहा, असा निरोप कार्यकारिणीकडून आला, तेव्हा काय लिहावे यावर आम्ही पुष्कळ विचार केला. परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरात पाठ आहे. पण एक प्रश्न आम्हांला बरेच दिवस छळतो आहे. आपल्या आजा-पणजांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या रूढी सोडल्या, त्या सोडल्या तरी कशा?

मेलेले ढोर ओढणे सोडले. मृतमांस सोडले. दारोदार भाकरी मागणे सोडले. येसकराची काठी खाली ठेवली. देव्हाऱ्यातले देव पाण्यात सोडले. भाषणात हे सगळे एका दमात सांगून होते. प्रत्यक्षात यातली एकेक गोष्ट सोडताना संध्याकाळी चूल पेटेल की नाही, हा प्रश्न दारात उभा होता.

कोणी म्हणतात, कायदे झाले म्हणून समाज बदलला. आपण म्हणतो, बाबासाहेबांनी सांगितले आणि लोक बदलले. दोन्हींत खरे आहे, पण दोन्ही अपुरे आहे. नुसत्या कायद्याने आणि नुसत्या सांगण्याने माणूस बदलत असता, तर आज आपल्या वस्तीत आम्हांला हा लेख लिहावा लागला नसता.

कागदावरची परवानगी

महाडचेच उदाहरण घेऊ. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. पुढे १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे परवानगी होती! मग झालं काय? काहीच नाही. तीन वर्षे तळे तिथेच होते, ठराव दप्तरात होता आणि आपली माणसे तहानलेली होती.

का? कारण एकटा माणूस तळ्यावर गेला असता, तर घरी धड परतला नसता. ठरावाने हक्क दिला, पण संध्याकाळी गावात राहायचे कसे, याचे उत्तर दिले नाही.

ते उत्तर १९ आणि २० मार्च १९२७ रोजी मिळाले. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला गावोगावचे हजारो लोक आले होते. २० मार्चला सगळे रांगेने निघाले, बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि मागोमाग सर्वांनी घेतले. त्या दिवशी नवा कायदा झाला नव्हता, जुन्याच ठरावाला पाय फुटले होते. एकट्याचे धाडस होत नव्हते, ते हजारोंच्या सोबतीने झाले.

त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठवून परिषदेच्या माणसांवर हल्ले झाले. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरींनी तळ्याची शुद्धी केली गेली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! कायद्याचा उपयोग नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण कायदा आणि माणसे यांत पुढे माणसे होती, हे विसरू नये.

नेसण्यातला बदल

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, ते आपण दरवर्षी आठवतो. पण दोन दिवसांनी काय झाले, ते फारसे सांगितले जात नाही.

२७ डिसेंबरला बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले. त्या काळी आपल्या बायांचे लुगडे गुडघ्यापर्यंत वर असे आणि गळ्यात-हातात जड दागिन्यांचे ओझे. जात दुरून ओळखू यावी, अशीच ती खूण. बाबासाहेबांनी सांगितले, की लुगडे घोट्यापर्यंत नेसा, ही ओझी उतरवा, घरात मृतमांस येऊ देऊ नका, मुलींनाही शाळेत घाला. आणि बायांनी ते तिथल्या तिथे मानले. नव्या तऱ्हेने नेसायचे कसे, हे चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नेसवून दाखवले.

ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. नुसते चांगले राहा म्हणून भागत नाही. कोणीतरी जवळ बसून हाताने दाखवावे लागते. शिवाय त्या एक-दोघी नव्हत्या. एकटीने तसे नेसले असते, तर गावात हसू झाले असते. सगळ्याजणी नेसल्या, तेव्हा हसणारेच गप्प झाले.

भाकरीचा प्रश्न

आता सगळ्यात अवघड भाग. महारकी ही नुसती रूढी नव्हती, ते वतन होते. १८७४ च्या वतन कायद्याने ते बांधलेले. थोडीशी जमीन, खळ्यावरचे बलुते, घरोघरची भाकरी आणि मेलेले जनावर, एवढ्या मोबदल्यात रात्रंदिवस राबायचे. सरकारी टपाल न्यायचे, दवंडी द्यायची, मौतीचा सांगावा पोहोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे. ढोर ओढणार नाही म्हटले, की बलुते बंद. दुकानदार मीठ-मिरची देईना, शेतावर काम मिळेना, वाट अडवली जाई. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत स्वतः बाबासाहेब सभासद होते. तिच्या १९३० च्या अहवालात या बहिष्काराच्या हत्याराची नोंद आहे.

मग लोक टिकले कसे? ज्यांच्या घरी मुंबईहून मनिऑर्डर येत होती, ते आधी टिकले. गिरणीत, गोदीत, रेल्वेत कोणी भाऊ, कोणी मुलगा होता. तिथेही भेदभाव होताच. धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. पण महिन्याला रोख पगार मिळे आणि तो पाटलाच्या खळ्यावर अवलंबून नसे. त्याही आधी कोकणात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्यांनी तोंड उघडले होते. अस्पृश्यतेवर प्रश्नांचा भडिमार करणारे ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ मध्ये लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे पेन्शनरच. म्हणजे ज्याच्या हातात चार पैसे आले त्याने पहिले पाऊल टाकले आणि ज्याच्या हातात काही नव्हते त्याला आधार दिला. ज्या वस्तीत हा आधार होता, तिथे रूढी सुटली. जिथे नव्हता, तिथे माणसे तळमळत राहिली, पण ढोर ओढत राहिली. त्यांना आपण कमी लेखू नये.

आणि कायदा? वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मांडले होते. ही वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा. मधल्या तीस वर्षांत गावोगावच्या लोकांनी काठी कधीच खाली ठेवायला सुरुवात केली होती.

छप्पन सालानंतर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. लाखो लोकांनी एकाच मैदानात, एकाच आवाजात बावीस प्रतिज्ञा घेतल्या. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारही नव्हते, ते १९६१ मध्ये सुमारे अठ्ठावीस लाख झाले. आणि हे करताना लोकांनी सवलतींवर पाणी सोडले होते. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राकडून अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० साल उजाडले. तरीही शिरगणतीवाल्यापुढे लोकांनी छाती काढून ‘बौद्ध’ सांगितले.

पण त्या दिवशी सगळे मनही बदलले का? आमच्या वस्तीतल्या एका आजींनी आम्हांला सांगितले होते. गावी सर्वांनी देव टोपलीत भरून नदीला नेले, त्यांनीही नेले. पण चांदीचा एक टाक त्यांनी कणगीत, दाण्यांच्या खाली दडवून ठेवला. सहा वर्षे! त्या वंदनेला येत, पंचशील म्हणत आणि घरी गेल्यावर कणगीत हात घालून टाक चाचपून बघत. पुढे त्यांचा नातू तापाने फणफणला. त्या रात्री वस्तीतल्या बाया पाळीपाळीने उशाशी बसल्या आणि पहाटे पोरांनी त्याला खाटेवर घालून तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवले. मुलगा वाचला. आजी म्हणाल्या, “त्या रातीला मी कणगीकडं गेलेच नाही रे बाबा. माणसंच एवढी हुती.” मग तो टाक त्यांनी कोणी न सांगता सोनाराला देऊन टाकला आणि आलेल्या पैशांतून नातवाला पाटी-पुस्तके घेतली.

आम्हांला वाटते, या एका गोष्टीत सगळे आले. जुने सोडायला सांगताना त्याच्या जागी काय ठेवणार, हे वस्तीला दाखवावे लागते. देवाच्या जागी माणसे उभी राहिली, तेव्हा देव सुटला. आपला विहार त्याचसाठी आहे.

आज आपल्या दारात

आता स्वतःकडे पाहू. आपल्या लग्नांत काय चालले आहे? मंगलपरिणय बौद्ध पद्धतीने, वीस मिनिटांत. पण त्याआधी हळदीला डीजे, मोठा हॉल, मानपान, फ्रीज-कपाट, वर गाडीची मागणी. विहारात भाषणे होतात, सगळे माना डोलावतात आणि पुढच्या लग्नात तेच. आम्हीही त्यातलेच. आमच्यापैकी एकाने मुलीच्या लग्नासाठी पतपेढीचे कर्ज काढले. मुलीचा मुलगा शाळेत जाऊ लागला, तरी हप्ते संपले नव्हते.

असे का होते? ज्या कारणाने १९२४ चा ठराव दप्तरात पडून राहिला, त्याच कारणाने. एकटा बाप साधे लग्न करायला भितो. लोक म्हणतील, ऐपत नव्हती. गरिबाने साधे लग्न केले तर ती त्याची गरिबी ठरते. ज्याला पक्की नोकरी आहे, ज्याची ऐपत सर्वांना ठाऊक आहे, त्याने केले तरच तो नवा रिवाज ठरतो. तेव्हा पेन्शनरांनी आणि गिरणीतल्या भावांनी पाऊल पुढे टाकले. आज ते आपल्यातल्या नोकरदारांनी टाकले पाहिजे.

म्हणून आमची नम्र सूचना आहे. येत्या वर्षात वस्तीतल्या पाच सुस्थित घरांनी आपापल्या मुलांची लग्ने याच विहाराच्या सभागृहात, डीजे आणि देण्याघेण्याशिवाय लावावीत. भांडी-सतरंज्या विहाराने द्याव्यात, स्वयंपाकाला महिला मंडळाने हात लावावा. सहाव्या घराला मग कोणाला काही सांगावे लागणार नाही. त्या वाचलेल्या पैशांतून मुलीचे पुढचे शिक्षण होईल, ते वेगळेच.

आपल्या आजा-पणजांनी रिकाम्या चुलीच्या भीतीवर मात केली, कारण शेजारचा सोबत होता. आपल्याला मात करायची आहे ती फक्त ‘लोक काय म्हणतील’ या भीतीवर. आणि ते ‘लोक’ म्हणजे दुसरे कोण? आपणच.

जयभीम!