उष्णताप्रेमी सूक्ष्मजीव : चयापचय
सुमारे ४५° से. पेक्षा जास्त तापमानात उत्तम वाढणारे जीवाणू व आर्किया. उष्ण झरे (पहा : सालबर्डी) आणि ५५–६५° से. पर्यंत तापणारे कंपोस्टचे ढीग हे त्यांचे अधिवास होत. ‘थर्मस ॲक्वाटिकस’चे वर्णन ब्रॉक व फ्रीझ यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. प्रथिनांतील जादा आयनिक बंध व पटलातील उष्णतास्थिर मेदद्रव्ये ही सर्वसाधारण अनुकूलने. १००° से.ला सर्वाधिक वाढणाऱ्या ‘पायरोकॉकस फ्युरिओसस’मध्ये ग्लायकोलिसिसचा मार्गच (पहा : ग्लायकोलिसिस) बदललेला आढळतो : ग्लुकोजला फॉस्फेट एटीपीऐवजी एडीपीकडून मिळते, ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेटचे ऑक्सिडीकरण फेरेडॉक्सिनच्या साहाय्याने एकाच टप्प्यात होते, त्यामुळे उष्णतेत झटकन विघटन पावणारे १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट टळते. थर्मसचे टॅक पॉलिमरेज पीसीआर तंत्रात वापरतात (पहा : डीएनए).