हत्ती सोडायचा, पण कुठे?

आजचा भाग हत्तीवर. तुम्ही म्हणाल, मराठवाड्यात कुठला आलाय हत्ती? इथे माणसांना नळाला पाणी येईना, हत्ती काय पाळणार! पण थांबा. संभाजीनगरहून साधारण शंभर किलोमीटरवर, अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात, एका हत्तीच्या सुटकेची गोष्ट भिंतीवर रंगवलेली आहे. पाचव्या शतकातलं काम आहे ते.

गोष्टीचं नाव मातृपोषक जातक. हिमालयाच्या बाजूला एक पांढराशुभ्र हत्ती राहतो. त्याची आई आंधळी आहे. तो तिला खाऊ घालतो, तळ्यावर नेतो. एक दिवस रानात वाट चुकलेला एक माणूस त्याला भेटतो. हत्ती त्याला पाठीवर घेऊन रानाबाहेर सोडतो. हा पठ्ठ्या मात्र जाताना झाडं-डोंगर ध्यानात ठेवतो. काशीच्या राजाचा हत्ती नुकताच मेलेला असतो. हा जाऊन सांगतो, असा असा एक हत्ती मला ठाऊक आहे. झालं. हत्ती धरून आणतात.

राजाकडे काही कमी नसतं. सजवलेली गजशाळा, उत्तम चारा. पण हत्ती घासाला तोंड लावत नाही. राजा विचारतो, का रे बाबा? तेव्हा कळतं की तिकडे आई उपाशी आहे. राजा त्याला सोडून देतो, आणि हत्ती रानात जाऊन आधी आईला पाण्याने न्हाऊ घालतो.

अजिंठ्याच्या चित्रकाराने हे सगळं काढलंय. समोर चारा असूनही न खाणारा हत्ती, आणि मग मायलेकांची भेट. अजिंठ्यात छद्दन्त जातकही आहे, सहा सुळ्यांच्या हत्तीचं, तेही दोनदा, दहाव्या आणि सतराव्या लेण्यात. तिथे राणीच्या सुडापायी शिकारी सुळे कापून नेतो. गाईड सगळे तीच गोष्ट आवडीने सांगतात, कारण तिच्यात रडायला भरपूर आहे. मला मात्र मातृपोषक जास्त महत्त्वाची वाटते, ती तिच्यातल्या एका साध्या तपशिलामुळे. राजाने ‘सोडा’ म्हटलं तेव्हा हत्तीला जायला जागा होती. रान जसंच्या तसं होतं, तळं होतं, आई होती.

आता हे रान तेव्हा टिकलं कसं, यामागे नुसती दया नव्हती. राजांचा सरळ हिशेब होता.

घोडा पाळून वाढवता येतो. हत्तीचं गणित वेगळं. हत्तिणीचं गाभणपण जवळजवळ बावीस महिन्यांचं. पिल्लू कामाला यायला वीसेक वर्षं. आणि मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. वीस वर्षं बसून कोण खायला घालणार? म्हणून वाढवायचं काम जंगलाकडे, आणि तयार झालेला हत्ती पकडून न्यायचा राजाने. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात यासाठी ‘हस्तिवन’ राखायला सांगितलंय, त्यावर अधिकारी नेमायला सांगितलाय. हत्ती मारणाऱ्याला देहदंड. मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देणाऱ्याला सव्वाचार पण बक्षीस, म्हणजे सुळ्यांसाठी मारायची गरजच नको. पिल्लू, आजारी हत्ती, गाभण किंवा पाजणारी हत्तीण, यांना धरायचं नाही. आणि कुठल्या प्रदेशातले हत्ती चांगले त्याची प्रतवारीही आहे. कलिंग, अंग वगैरे पहिल्या नंबरात, आणि मधल्या प्रतीत कोण? अपरान्त. म्हणजे आपलं कोकण!

हे लक्षात ठेवा, कोकण शेवटी परत येणार आहे.

राजांच्या या हिशेबाच्या खुणा आपल्या जिल्ह्यात दगडातसुद्धा आहेत. वेरूळला कैलास लेणं बघायला गेलात की सगळे वर शिखराकडे बघतात. तुम्ही खाली बघा. आठव्या शतकातलं ते अख्खं मंदिर हत्तींच्या रांगेने पाठीवर घेतल्यासारखं कोरलंय. अंगणात दोन सुटे हत्ती उभे आहेत, बिचाऱ्यांच्या सोंडा तुटल्यात. देवगिरीच्या दरवाज्यावरचे लोखंडी खिळे सगळ्यांनी पाहिलेत, सेल्फीत येतात ते. ते शोभेचे नाहीत, हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून आहेत. आतल्या भल्यामोठ्या तलावाचं नावच हत्ती हौद. आणि हत्तीच्या वैद्यकावरचा पालकाप्य मुनींचा ‘हस्त्यायुर्वेद’ हा संस्कृत ग्रंथ छापला कोणी? पुण्याच्या आनंदाश्रमाने, 1894 साली.

अकबराच्या काळात अबुल फजल ‘आइन-इ-अकबरी’त रानटी हत्ती कुठे कुठे सापडतात ते लिहितो, त्यात नरवरच्या जंगलापासून पार वऱ्हाडापर्यंतचा उल्लेख येतो. वऱ्हाड! म्हणजे आपल्या शेजारचंच. मग ते गेले कुठे?

एका दिवसात नाही गेले. तोफा-बंदुका आल्या आणि लढाईत हत्तीची किंमत उतरली. हत्ती नको तर हस्तिवनही नको. शेती पसरली, इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड लागलं. 1879 साली इंग्रज सरकारनेच हत्ती वाचवायचा कायदा केला. पण कायदा हत्तीला मारण्या-धरण्यापुरता होता. तो राहणार कुठे, याबद्दल त्यात काही नव्हतं. खरी गोची तिथेच झाली, असं मला वाटतं.

आता येऊ आपल्या शहरात. सेंट्रल बसस्टँडला लागून सिद्धार्थ उद्यान. तिथल्या प्राणिसंग्रहालयात सरस्वती आणि लक्ष्मी या दोन हत्तिणी होत्या. मायलेकी! शहरातल्या एका पिढीने आयुष्यातला पहिला हत्ती पाहिला तो तिथे, शाळेच्या सहलीत. 2009 साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने ठरवलं की प्राणिसंग्रहालयांमध्ये हत्ती ठेवायचे नाहीत, त्यांना वनखात्याच्या कॅम्पमध्ये, मोकळ्या जागेत हलवायचं. कारण उघड आहे. रोज कित्येक किलोमीटर चालणारं जनावर. त्याला काँक्रीटवर साखळदंडात उभं केलं की तळपाय सडतात, नखं चिरतात, सांधे धरतात. माहूत कितीही जीव लावणारा असला तरी पायाखालची फरशी तो मऊ करू शकत नाही.

पण ठरलं म्हणून लगेच झालं नाही. दोघी बरीच वर्षं इथेच होत्या, आणि शेवटी त्यांना विशाखापट्टणमला पाठवलं गेलं. कॅम्पमध्ये नव्हे, तिथल्या प्राणिसंग्रहालयात. ते 625 एकरांचं आहे, कंबालकोंडाच्या राखीव जंगलाला लागून. आपल्या उद्यानापेक्षा कितीतरी पटीने बरं, यात वाद नाही. मायलेकींची ताटातूटही झाली नाही. पण काशीच्या राजाने दिली तशी सुटका ती नाही. देता येणारही नव्हती. माणसात वाढलेला हत्ती रानात सोडला तर तो शेवटी माणसांकडेच येतो.

कोल्हापूरची दोन प्रकरणं तुम्हाला ठाऊक असतील. जोतिबाचा सुंदर, त्याला 2014 मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टाला नेलं. आणि नांदणी मठाची महादेवी, म्हणजेच माधुरी. 2025 च्या जुलैमध्ये कोर्टाच्या आदेशाने ती जामनगरच्या वनताराला गेली, आणि अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला. तेव्हा सोशल मीडियावर दोनच बाजू होत्या, मठवाले क्रूर किंवा प्राणिप्रेमी ढोंगी. मला दोन्ही पटत नाहीत. लोकांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं. आणि एकटी हत्तीण आयुष्यभर स्वतःच्या जातीची सोबत न मिळता उभी असते, हेही खोटं नाही. हत्तीण कळपातच जगते, आई, मावश्या, बहिणी यांच्यात. पुढे वनताराने नांदणीतच पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवली. कोल्हापूर, जामनगर, पुन्हा कोल्हापूर. सगळी चर्चा कुंपण कुठे घालायचं याची. जंगल हा शब्द फारसा आलाच नाही.

जंगलाचा शब्द येतो दोडामार्गात. आता कोकण.

2002 मध्ये कर्नाटकातून रानटी हत्ती घाट उतरून सिंधुदुर्गात आले. आमंत्रण कोणी दिलं नव्हतं. तिकडे त्यांच्या रानाचे तुकडे पडत गेले आणि त्यांना तिलारीचं खोरं सापडलं. पाणी, बांबू, सदाहरित जंगल. पण त्या जंगलाच्या पोटात धरणाचं पाणी शिरलेलं, आणि कडेकडेने झाडं तोडून रबराची लागवड होत होती. रबराच्या बागेत हत्तीला खायला काय आहे? मग तो माड, सुपारी, केळीत शिरतो. एका रात्रीत माड आडवे. एक माड फळाला यायला किती वर्षं लागतात, विचारा कुठल्याही कोकणी माणसाला. 2025 च्या एप्रिलमध्ये तर मोर्ले गावात एका वृद्ध शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. त्या गावाला ‘हत्ती आपला गणपती’ असं इथून, संभाजीनगरातून फोनवर बसून सांगण्यात अर्थ नाही.

धरून न्यायचा उपायही झाला. 2015 मध्ये कुडाळच्या माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले, कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणून. ते सगळे काही वाचले नाहीत.

दुसरा उपाय हळू आहे. 2020 मध्ये तिलारीचं 29.53 चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. ऐकायला बरं वाटतं, पण रानटी हत्तीची भटकंती शेकडो चौरस किलोमीटरची असू शकते. म्हणून सावंतवाडी–दोडामार्गचा पट्टा महत्त्वाचा. गोवा आणि कर्नाटकातल्या जंगलांना जोडणारी ती वाट. तिथल्या झाडतोडीवर हायकोर्टाने 2013 पासून बंदी घातलीय, आणि तरीही तोडीच्या तक्रारी येत राहिल्या.

अर्थशास्त्राच्या यादीत मधल्या प्रतीचे म्हणून लिहिलेले अपरान्ताचे हत्ती फार पूर्वीच संपले होते. आत्ता तिलारीत फिरणारे हत्ती स्वतःच्या पायाने आलेत, आणि बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. अजिंठ्याला गेलात तर सतरा नंबरमध्ये जरा जास्त वेळ थांबा. फ्लॅश मारू नका, रंग खराब होतात. डोळे अंधाराला सरावले की हत्ती हळूहळू दिसायला लागतो.