गंजलेली बेबी ऑस्टिन आणि रेसिंगचा लपलेला खर्च

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मसुदा. बोलताना मध्ये मध्ये येणारे "म्हणजे कसं" आणि "काय म्हणतात ते" काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

तुमच्यापैकी अनेकांचा एकच प्रश्न येतोय: "दादा, जुनी गाडी घेऊन स्वस्तात रेसिंग कार बनते का?" तुम्ही ते रील्स बघता, मला माहितीये. शेतात सडलेली गाडी, त्यात उगवलेलं गवत, आणि तीस सेकंदांत ती ट्रॅकवर धूर काढत पळतेय! मध्ये काय झालं, किती दिवस गेले, गॅरेज कुणाचं होतं, यातलं काहीच दिसत नाही.

तर उत्तर असं, की हो, बनते. इतिहासात बनलेली आहे. फॉर्म्युला वनमधली दोन मोठी नावं, लोटस आणि मॅक्लारेन, यांच्या मुळाशी एकाच जातीची जुनी, टाकाऊ झालेली छोटी गाडी आहे. प्रश्न फक्त "स्वस्तात" या शब्दाचा आहे. तो हिशेब आज मांडू.

गाडीचं नाव ऑस्टिन सेव्हन. आपल्याकडे जुनी माणसं तिला "बेबी ऑस्टिन" म्हणायची. 1922 साली ती इंग्लंडमध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी ऑस्टिन कंपनी कर्जात बुडून रिसीव्हरच्या ताब्यात गेली होती. संचालक मंडळाला छोटी गाडी नको होती, म्हणून मालक हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅनली एज नावाच्या 18 वर्षांच्या ड्राफ्ट्समनला आपल्या घरी बोलावलं आणि तिथल्या बिलियर्डच्या खोलीत नकाशे काढायला बसवलं. अठरा वर्षं! आपल्याकडे त्या वयात पोरं सीईटीचा निकाल बघत असतात. पुढे ऑस्टिन साहेबांना कंपनीकडून प्रत्येक गाडीमागे 2 गिनी रॉयल्टी मिळायची. 1939 पर्यंत सुमारे 2 लाख 90 हजार गाड्या निघाल्या, म्हणजे म्हातारा फायद्यातच राहिला. एजला त्यातलं किती मिळालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ते असो.

आता गाडी कशी होती ते नीट समजून घ्या, पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. चार सिलिंडर, 747 सीसी (अगदी सुरुवातीच्या 696 सीसीच्या होत्या), ताकद साधारण 10 हॉर्सपॉवर. वजन 360 किलोच्या आसपास. आपली मारुती 800 याच्या जवळजवळ पावणेदोन पट जड होती. चासी म्हणजे इंग्रजी "ए" अक्षरासारखी, पुढे दोन पट्ट्या एकत्र येतात, मागे फाकतात. पुढे एकच आडवा पाटा, मागे दोन अर्धवट पाटे. क्रँकशाफ्ट दोनच बेअरिंगवर, त्यामुळे इंजिन जास्त फिरवलं की तो मधे अक्षरशः लवायचा, आणि कधीतरी मोडायचा. ऑइलचंही तसंच. क्रँकवर पिचकारीसारखं उडवायचं आणि ते योग्य जागी पोचेल अशी आशा धरायची! ब्रेक? सुरुवातीच्या गाड्यांत पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा पुढच्या चाकांना. 1930 मध्ये कुठे ते एकत्र जोडले गेले.

एवढं ऐकून वाटेल, हिला कोण रेसमध्ये घेणार? पण 1929 च्या अल्स्टर टीटी शर्यतीत दोन ऑस्टिन सेव्हन तिसऱ्या आणि चौथ्या आल्या. त्या यशावरून कंपनीने "अल्स्टर" नावाचं खास स्पोर्ट्स मॉडेल काढलं. 1930 मध्ये ब्रुकलँड्सच्या 500 मैलांच्या शर्यतीत तर ऑस्टिन सेव्हन पहिली आली, सरासरी वेग ताशी 83 मैलांच्या वर. शर्यत हँडिकॅपची होती, म्हणजे छोट्या गाड्यांना सवलत होती, हे खरं. पण 800 किलोमीटर ताशी 134 च्या सरासरीने, तेही त्या पिचकारीवाल्या ऑइलवर! मानलं पाहिजे.

आता महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये या. नव्या गाड्या बनतात त्या बहुतेक परदेशी पाठवायला. पेट्रोल रेशनवर. आणि गल्लोगल्ली या हजारो ऑस्टिन सेव्हन, पंधरा-वीस वर्षं जुन्या, मडगार्ड गंजलेले, लाकडी सांगाडा कुजलेला, कापडी छत फाटलेलं. भंगारवाल्याकडे जायच्या वाटेवरची गाडी.

लंडनमध्ये कॉलिन चॅपमन नावाचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी कॉलेज सांभाळून जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचा धंदा करायचा. 1947 च्या अखेरीस सरकारने सामान्य माणसाचा पेट्रोलचा कोटाच बंद केला आणि जुन्या गाड्यांचा बाजार एका झटक्यात बसला. चॅपमनच्या गळ्यात जे उरलं त्यात एक जुनी ऑस्टिन सेव्हन होती. कुणी घेईना. मग 1948 मध्ये त्याने तिचीच चिखल-डोंगराच्या स्पर्धांसाठी गाडी करायची ठरवली.

हे काम कसं होतं ते सांगतो. जुनी बॉडी बोल्ट काढून उचलून बाजूला ठेवायची. उरते ती फक्त चासी, चाकं, इंजिन. मग चासी खरवडून बघायची, कुठे पत्रा गंजाने पातळ झालाय, कुठे तडा गेलाय. तिथे पट्टी लावून मजबूत करायची. चॅपमनने वर प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याची हलकी बॉडी चढवली, आणि ती नुसती टोपी म्हणून नाही, तर गाडीला ताठपणा देईल अशी. विमानं बनवण्याची ती पद्धत होती. बाकीचे लोक इंजिनाची ताकद वाढवायच्या मागे होते, हा पोरगा पत्र्यावर विचार करत होता. हीच लोटस मार्क वन.

त्या काळात अशा गाड्यांना "स्पेशल" म्हणायचे आणि घराघरांत त्या बनत होत्या. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, पाटे चपटे करून गाडी खाली बसवायची, जड सीट फेकून द्यायच्या. माझा सगळ्यात आवडता उद्योग म्हणजे लेस्ली बॅलमी यांचा: पुढचा अख्खा ॲक्सल मधोमध कापायचा आणि बिजागरीसारखा बसवायचा, की झालं इंडिपेंडंट सस्पेन्शन! आपला कोणताही मिस्त्री हे बघून म्हणेल, "अरे, हे तर आपलंच काम."

या सगळ्या हौशी लोकांचा एक क्लब होता, 750 मोटर क्लब, 1939 मध्ये सुरू झालेला. 1949 मध्ये त्यांनी शर्यतीचे नियम बनवले. गाभा सोपा: चासी आणि इंजिन ऑस्टिन सेव्हनचंच पाहिजे, सुपरचार्जर चालणार नाही. म्हणजे श्रीमंताचा पोरगा आला तरी त्याच्या हातात तेच म्हातारं इंजिन. पैशाचं तोंड बंद करायचं आणि डोक्याला बोलू द्यायचं, असा तो विचार. मला विचाराल तर रेसिंगच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा नियम आहे. ती फॉर्म्युला 750 आजही इंग्लंडमध्ये चालू आहे. ऑस्टिनचं इंजिन जाऊन रिलायंटचं आणि मग फियाटचं आलं, एवढंच.

पण डोकं बोलायला लागलं की नियम घामाघूम होतात. ऑस्टिनच्या इंजिनात सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोलचं मिश्रण आत जायला भोकं दोनच. शेजारच्या दोन सिलिंडरना एक भोक. एका नळावर दोन घरं, मग पाणी आधी कुणाला? चॅपमनने त्या भोकांच्या आतच उभा पडदा घातला, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. इंजिन तेच, नियम तोच, ताकद वेगळीच. 1951 मध्ये लोटस मार्क थ्री या गाडीने बाकीच्यांना इतकं मागे टाकलं, की क्लबने पुढे नियम बदलून ही युक्तीच बंद केली.

आता आपला हिशेब. गाडी जवळजवळ फुकट, खरंय. पण मार्क वन बनली कुठे? चॅपमनच्या मैत्रिणीच्या, हेझल विल्यम्सच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. मार्क थ्रीचं काम झालं शेजारच्या ॲलन भावांच्या गॅरेजमध्ये, जिथे हत्यारं आणि यंत्रं भरपूर होती. 1952 मध्ये लोटस कंपनी उभी राहिली ती वडिलांच्या हॉटेलमागच्या तबेल्यात, आणि भांडवल काय, तर हेझलने दिलेले 25 पौंड. पुढे ती त्याची बायको झाली. कंपनीच्या इतिहासात कॉलिन "प्रतिभावंत", आणि हेझल दोन ओळींत. बजेट रेसिंगच्या प्रत्येक गोष्टीत असं एक माणूस असतं, ज्याची जागा, पैसे आणि रविवार वापरले जातात, आणि पावती कुणीच फाडत नाही.

तिकडे न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ब्रूस मॅक्लारेन नावाचा मुलगा. नऊ वर्षांचा असताना खुब्याच्या हाडाचा आजार झाला, पर्थेस म्हणतात त्याला. जवळजवळ दोन वर्षं रुग्णांच्या होममध्ये अंथरुणावर. बरा झाला, पण डावा पाय कायमचा थोडा आखूड राहिला. वडील लेस यांचं रेम्युएरा भागात सर्व्हिस स्टेशन आणि गॅरेज. त्यांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर घेतली, सुट्या भागांत आलेली. नीट करून विकायचा त्यांचा बेत होता. पोराने विकू दिली नाही! बाप-लेकाने मिळून ती जोडली, आणि ब्रूसने घराच्या आवारातच चालवायचा सराव केला. 1952 मध्ये मुरिवाईच्या घाट-चढाईच्या स्पर्धेत तो त्याच गाडीतून उतरला, वय 14-15.

पुढचं पटकन सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत असेल. 1959 मध्ये अमेरिकन ग्राँप्री जिंकली, वय 22, तेव्हाचा सगळ्यात तरुण विजेता. 1963 मध्ये स्वतःची टीम काढली. 1968 मध्ये बेल्जियमला स्वतःच्या नावाच्या गाडीतून जिंकला. 2 जून 1970 ला गुडवूडला गाडीची चाचणी घेताना गेला. 32 वर्षांचा होता.

इथेही तेच बघा. गाडी भंगार, पण वडिलांचं गॅरेज होतं. लिफ्ट, पाने, वेल्डिंग, आणि शिकवणारा माणूस घरातच. ज्या पोराच्या घरी गॅरेज नाही, त्याने काय करायचं?

मी इंजिनीअरिंगला असताना आमची टीम बाहाला जायची, इंदूरजवळ पीथमपूरला. आम्हाला इंजिन मिळायचं 10 हॉर्सपॉवरचं. अगदी 1922 च्या बेबी ऑस्टिनएवढं! सगळ्या टीमना इंजिन सारखंच, तोच 750 क्लबचा विचार. पण ज्यांच्या कॉलेजात चोवीस तास उघडं वर्कशॉप होतं त्यांची गाडी दोन महिने आधी तयार. आमच्याकडे वर्कशॉपची किल्ली पाचला ऑफिसात जमा व्हायची. मग आम्ही एका टर्निंगवाल्या काकांच्या शेडमध्ये बसायचो. त्यांनी लेथचे पैसे घेतले, रात्री जागल्याचे नाही घेतले. आमच्या खर्चाच्या तक्त्यात ते काका कुठेच नाहीत.

भारतात हा प्रश्न ज्याने मनावर घेतला तो माणूस म्हणजे कोइम्बतूरचे एस. करिवर्धन. घर गिरणी मालकांचं, पैशाची ददात नाही, स्वतः उत्तम ड्रायव्हर. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे ते जिंकायचे. पण त्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मारुतीचं 796 सीसीचं इंजिन आणि सुटे भाग वापरून एकासारख्या एक छोट्या सिंगल-सीटर गाड्या बनवल्या, फॉर्म्युला मारुती. पोराने गॅरेज घेऊन यायची गरज नाही, गाडी तयार मिळणार. नारायण कार्तिकेयन, भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर, याच गाड्यांतून पुढे आला. 1995 मध्ये विमान अपघातात करिवर्धन गेले. कोइम्बतूरचा कारी स्पीडवे त्यांच्याच नावाचा.

747 सीसी आणि 796 सीसी. पन्नास सीसीचा सुद्धा फरक नाही बघा.

राहिल्या त्या दोन गाड्या. ब्रूसची अल्स्टर आजही मॅक्लारेनकडे आहे, वोकिंगच्या त्यांच्या चकचकीत मुख्यालयात, फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या रांगेत ठेवलेली. लोटस मार्क वनचा मात्र पत्ता नाही. चॅपमनने ती विकली आणि पुढे कुठे गेली ते कुणालाच कळलेलं नाही. लोटसप्रेमी वर्षानुवर्षं तिला शोधतायत. एखाद्या इंग्लिश गोठ्यात प्लायवूडची कुजकी बॉडी घेऊन उभी असेल, किंवा केव्हाच वितळवून तिचे खिळे झाले असतील.

पुढच्या भागात शोलावरमच्या धावपट्टीवर जाऊ. तुमच्या गावात कुणी जुनी गाडी उघडून बसलं असेल तर कळवा, आणि गॅरेज कुणाचं आहे तेही लिहा.