एका क्रियापदाचा इतिहास

जुन्या शासनपत्रांचा अर्थ लावतांना आम्हीं क्रियापदाकडे प्रथम पाहतों. इटलीच्या शिक्षणविषयक कायद्यांतहि ही संवय उपयोगीं पडली.

३० मार्च १९७१ च्या ११८ व्या कायद्यानें अपंग मुलांचें सक्तीचें शिक्षण सार्वजनिक शाळांच्या सामान्य वर्गांतच व्हावें असें ठरविलें. अतिगंभीर व्यंगाचा अपवाद मात्र ठेविला. १९७७ च्या ५१७ व्या कायद्यानें वेगळे वर्ग मोडले व साहाय्यक शिक्षकांची तरतूद केली. परंतु उच्च माध्यमिक शाळांविषयीं १९७१ चा कायदा एवढेंच म्हणतो कीं, अशा विद्यार्थ्यांचें तेथें शिकणें 'सुकर केलें जाईल'. भविष्यकाळ, तोहि कर्मणि. कोण करणार व केव्हां, याचा पत्ता नाहीं! अशा प्रयोगाच्या आडोशास अधिकारी किती सुखानें बसतो, हें शाळाखात्यांत उभा जन्म घालविलेल्या आम्हांस कोणीं सांगावयास नको.

पुढें एका विद्यार्थिनीस प्रवेश नाकारला गेला व प्रकरण संविधान-न्यायालयापुढें आलें. १९८७ च्या २१५ व्या निर्णयांत न्यायालयानें 'सुकर केलें जाईल' हे शब्द घटनाविरुद्ध ठरविले; त्यांच्या जागीं 'निश्चित केलेलें आहे' असें हवें, असा निवाडा दिला. शिक्षण मध्येंच तोडल्यास मुलाची वाढ खुंटण्याची, क्वचित् मागें जाण्याचीहि भीति असते, हें कारण त्यांत स्पष्ट नमूद आहे. पात्रतेचें माप सर्वांस एकच लावूं नये, हेंहि त्यांतच आहे. आम्हांस तें क्रियापदाइतकेंच मोलाचें वाटतें.

१९९२ च्या १०४ व्या कायद्यांत हा हक्क शिशुशाळेपासून विद्यापीठापर्यंत नेला आहे. तेथें क्रियापद वर्तमानकाळीं असून शिकण्यांतील अडचण या हक्काच्या आड येऊं शकत नाहीं, असें स्वतंत्र कलम घातलें आहे.