मूठभर धान्याचा जमाखर्च

पुणे जिल्ह्यात, बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यानच्या मुलखात, भवानीनगर ही वसाहत आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात, १८८५ च्या सुमारास, या भागात खेळू लागले आणि कोरड्या माळावर ऊस उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर येथे शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी साखर कारखाना उभारला गेला. एकट्या शेतकऱ्याचा भाग तो केवढा! परंतु असे हजारो भाग एकत्र झाले म्हणजे त्यांतून कारखान्याचे धुराडे उभे राहते. ऊसपट्ट्यातील अनेक कारखान्यांनी पुढे हीच युक्ती शिक्षणास लावली. उसाच्या टनामागे थोडे पैसे कापून घेऊन त्यांतून शाळा व वसतिगृहे चालविली. तथापि, खेड्यातील मुलांच्या शिक्षणासाठी कणाकणाने निधी जमविण्याची ही रीत कारखान्यांनी शोधून काढलेली नव्हे. त्यांच्या एक पिढी आधी, नीरा ओलांडून दक्षिणेस गेले म्हणजे लागणाऱ्या सातारा जिल्ह्यात, तिची कसोटी लागून चुकली होती. ती कसोटी म्हणजे भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचा इतिहास होय.

भाऊरावांच्या त्यागाच्या कथा महाराष्ट्रास परिचित आहेत. त्या मानाने संस्थेच्या जमाखर्चाकडे लक्ष कमी जाते. वस्तुतः विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या धर्मादाय संस्थेचा खरा स्वभाव तिच्या उद्घाटनाच्या भाषणांतून नव्हे, तर तिच्या जमेच्या बाजूवरून कळतो. पैसा कोणाकडून आला, तो कोणत्या अटीवर आला, आणि तो थांबला असता मुलांच्या ताटात काय पडले, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या संस्थेपाशी असतात ती टिकते.

१९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास आले. त्या वेळी संस्थेची तिजोरी म्हणजे भाऊरावांचे घर, आणि त्या घराच्या किल्ल्या लक्ष्मीबाईंच्या हाती. भाऊराव व्यवहारास नवखे नव्हते. ओगल्यांच्या काचसामानासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी त्यांनी गावोगाव फिरती केली होती. परंतु वसतिगृहातील मुले वाढू लागली तशी घरची पुंजी आटत गेली. लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले आणि अखेरीस मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी मोडले. १९३० साली त्यांचे निधन झाले. ही कथा ऐकून ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, आणि ते योग्यच आहे. तथापि तीत व्यवहाराचाही एक धडा आहे. दागिना एकदाच विकता येतो. मुलांना भूक मात्र रोज लागते. एका घराच्या त्यागावर संस्था सुरू होऊ शकते, चालू शकत नाही.

म्हणून दुसरी जमा उभी करणे प्राप्त झाले. ती मुष्टिफंडाची. दळणाच्या वेळी गृहिणीने मूठभर धान्य बाजूस काढावे आणि ते गोळा करून वसतिगृहाच्या कोठारात आणावे, अशी ही सोपी योजना होती. ज्या कुणब्याच्या हाती वर्षातून दोनदाच रोकड येते त्याच्यापाशी दरमहाची वर्गणी मागणे व्यर्थ. पण धान्याची मूठ त्याच्या घरी रोज असते. देणाऱ्याच्या ऐपतीचे माप ओळखून मागणी केली, हे या योजनेचे मर्म होय. शिवाय मूठ देणाऱ्या घराला वसतिगृह आपले वाटू लागले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. त्या काळी ही पंगत पुष्कळांना रुचणारी नव्हती. ज्यांनी स्वतःचे धान्य त्या पंक्तीस दिले, त्यांनी त्या पंक्तीसही नकळत संमती दिली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले.

तिसरी जमा मुलांच्या स्वतःच्या श्रमांची. शेती, खोदकाम, बांधकाम, स्वयंपाक ही कामे मुलांनीच करावयाची आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला शिक्षणाच्या खर्चात धरावयाचा. १९४० साली साताऱ्यास निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात या ‘कमवा व शिका’ योजनेस ठळक रूप आले. स्वावलंबनाचे तत्त्व सांगणारे पुष्कळ. ते जमाखर्चाच्या वहीत उतरविणारे थोडे.

या सर्वांपेक्षा मोठी, आणि म्हणूनच अधिक नाजूक, जमा होती सरकारी अनुदानाची. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून खासगी शाळांना सरकारी मदत देण्याची पद्धत हिंदुस्थानात रूढ झाली. तीत संस्थेने आधी खर्च करावा, सरकारने तो तपासावा, मान्य खर्चाचा ठरीव हिस्सा मागाहून द्यावा, असा क्रम असे. अर्थात मधल्या महिन्यांचा भार संस्थेवरच. हा भार पेलावयाचा तर हिशेब चोख हवा आणि मालमत्ता एका माणसाच्या नावावर असून चालत नाही. १९३५ साली रयत शिक्षण संस्थेची रीतसर नोंदणी झाली, हा तिच्या इतिहासातील कमी बोलला जाणारा पण मोठा टप्पा होय. त्या दिवसापासून संस्था ही संस्थापकाच्या प्रपंचाचा भाग राहिली नाही; तिची मिळकत सार्वजनिक झाली आणि तिचा जाब विचारण्याचा अधिकारही सार्वजनिक झाला. पुढे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने नोंदणी आणि हिशेबतपासणी सर्वच विश्वस्त संस्थांवर बंधनकारक केली.

१९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. मोठी देणगी घेऊन कॉलेजास दुसरे नाव द्यावे, ही सूचना भाऊरावांनी साफ धुडकावली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पैशाची निकड असताना देणगी नाकारणे हाही अर्थव्यवहाराचाच भाग आहे, कारण काही जमा अशा असतात की त्या वहीत वाढ आणि पायात खोडा घालतात.

आणि मग १९४८ साल उजाडले. गांधीजींच्या वधानंतर भाऊरावांनी केलेल्या एका भाषणामुळे मुंबई सरकारची नाराजी ओढवली आणि बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने संस्थेचे अनुदान बंद केले. एका भाषणाच्या पायी शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे शिक्षण टांगणीस लागले. दुसरी एखादी संस्था असती तर शाळांना कुलुपे लागली असती. येथे मात्र जुनी जमा कामास आली. लोकांनी हात आखडला नाही, सेवकांनी तंगी सोसली, मुलांचे श्रम होतेच. संत गाडगेमहाराजांनी सरकारदरबारी शब्द टाकला असे सांगतात. कालांतराने अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडास निघालेल्या संस्थेच्या कॉलेजास सद्गुरू गाडगेमहाराजांचेच नाव देण्यात आले.

या प्रसंगावरून सरकारी पैसा त्याज्य आहे असा अर्थ कोणी काढू नये. अनुदानाशिवाय खेडोपाडी शाळांचे जाळे पसरणे शक्यच नव्हते, आणि करदात्याचा पैसा खेड्यातील मुलाकडे वळविणे हे न्याय्यच होते. अर्थ एवढाच की, अनुदानाने संस्था वाढते आणि मुठीने ती उभी राहते. ज्या संस्थेला वाढीच्या भरात मुठीचा विसर पडतो तिला एका हुकुमाने बसविता येते.

९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले. आज त्यांच्या संस्थेच्या शेकडो शाळा आणि अनेक महाविद्यालये आहेत, आणि त्यांच्या ताळेबंदात मुठीच्या धान्याचा आकडा शोधूनही सापडणार नाही. परंतु तो आकडा कधी काळी तेथे होता, आणि तो देणारी बाई बहुधा स्वतः निरक्षर होती. तिने दिलेल्या मुठीची पावती कोणी फाडली नाही. ती पावती तिच्या नातवंडांनी शाळेच्या पटावर आपल्या नावाने लिहिली.