चवदार तळ्याचा दावा : साक्षीपुराव्याआधीची लढाई



महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, हे आपल्याकडं पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक. पण त्या ओंजळीचा कोर्टातला निकाल लागायला जवळजवळ दहा वर्षं लागली, हे किती घरांत सांगितलं जातं? मी गिरणीकामगार माणूस. कायद्याचं शिक्षण नाही, रात्रशाळेत शिकलो आणि बाकी वाचून-विचारून जमवलं. तरी हा विषय मुद्दाम घेतला, कारण आपली माणसं समन्सच्या कागदाला फार भितात.

माझ्या ओळखीच्या एका घरात खोलीच्या वादाचं समन्स आलं. म्हाताऱ्यानं बेलीफाला सांगितलं, मी कागद घेत नाही जा. त्याला वाटलं, कागद घेतला नाही म्हणजे दावाच लागला नाही. बेलीफानं प्रत दाराला चिकटवली, पंचांच्या सह्या घेतल्या, झालं. कायद्यानं ते समन्स पोहोचलं. तारखेला कोणी गेलं नाही आणि निकाल एकतर्फी झाला. दावा खरा होता की खोटा, हा प्रश्नच कोणी विचारला नाही. पुढं तो निकाल रद्द करून घ्यायला त्या कुटुंबाला दारोदार हिंडावं लागलं.

आता महाडकडं वळू. मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव १९२३ साली झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केलं, आणि मार्चच्या सत्याग्रहानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी स्वतःचाच ठराव फिरवला. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला पुन्हा परिषद बोलावली. तेव्हा सनातन्यांनी लाठी ठेवली आणि कागद उचलला. १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला, नंबर ४०५, सन १९२७. मागणी अशी की तळं आमच्या मालकीचं आहे, वापराचा हक्क आमचा आहे, अस्पृश्यांना कायमची मनाई करा. प्रतिवादींत बाबासाहेब आणि शिवतरकर यांच्यासह थोडे लोक, पण दावा साऱ्या अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून त्यांच्यावर होता. दिवाणी कायद्यात तशी सोय आहे. म्हणजे कागदोपत्री आपले आजे-पणजे सगळेच प्रतिवादी होते म्हणा ना!

दाव्याला वर्षं लागतात, परिषद तर तेरा दिवसांवर. म्हणून वादींनी तात्पुरता मनाई हुकूम मागितला. १४ डिसेंबरला तो मिळालासुद्धा, दोन दिवसांत, आपली बाजू ऐकण्याआधी. उशीर झाला तर मागणीच फुकट जाईल असं कोर्टाला वाटलं तर नोटिशीशिवाय हुकूम देता येतो. तो अधिकार आजही आहे. फरक इतका की १९७६ च्या दुरुस्तीनंतर न्यायाधीशाला त्याची कारणं लिहावी लागतात आणि अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा लागतो. त्याच दुरुस्तीनं कॅव्हेटही आलं. समोरचा कोर्टात जाणार अशी कुणकुण लागली तर आधीच अर्ज देऊन ठेवायचा की मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. तो नव्वद दिवस चालतो. १९२७ साली हे हत्यार आपल्या हाती नव्हतं.

महाडला हजारो माणसं जमली होती, तुरुंगात जायला तयार होती. हुकूम मोडायचा की पाळायचा यावर मोठा खल झाला. कलेक्टरनंही येऊन समजावलं. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. मनुस्मृती जाळणारा तोच माणूस त्याच परिषदेत कोर्टाचा हुकूम मानतो, हे पुष्कळ तरुणांना तेव्हा कडू गेलं असणार. मला स्वतःला हे समजायला पन्नाशी यावी लागली. मग दोन्ही बाजू ऐकल्यावर २३ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याच महाडच्या कोर्टानं तो मनाई हुकूम उठवला. दावा मात्र उभाच होता.

यापुढचं काम रुक्ष, पण सगळी गोम तिथंच. वादी दावा लिहितो, प्रतिवादी लेखी कैफियत देतो. दावेदाराचं कोणतं म्हणणं कबूल, कोणतं नाकबूल, ते एकेक करून लिहायचं. जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. हल्ली समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यायची असते, कारण दाखवून नव्वदपर्यंत. ज्यावर दोघांत फरक, तेवढेच मुद्दे न्यायाधीश काढतो आणि कुठला मुद्दा कोणी शाबीत करायचा ते ठरवतो. साक्षीदार त्यानंतर.

महाडच्या दाव्यात ओझं वादींवर पडलं. मालकीचं म्हणणं त्यांनी पुढं फारसं लावून धरलं नाही, कारण तळं नगरपालिकेचं. उरली रूढी. ती अनादी काळापासूनची आहे हे त्यांना शाबीत करायचं होतं आणि ते जमलं नाही. महाड कोर्टानं ८ जून १९३१ ला दावा फेटाळला, ठाण्याचं अपील ३० जानेवारी १९३३ ला फेटाळलं गेलं आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी तेच कायम केलं.

त्या निकालात एक वाक्य कंसात आहे. रूढी शाबीत झाली असती, तर ती अन्यायाची किंवा लोकहिताविरुद्ध आहे का हे पाहावं लागलं असतं, असं म्हणताना न्यायमूर्ती नोंदवतात की खरं पाहता हा मुद्दा खालच्या कोर्टांत मांडलेलाच नव्हता. मी ते वाक्य तीनदा वाचलं. अस्पृश्यता मुळातच अन्याय आहे, हे हायकोर्टाकडून १९३७ साली लिहून घ्यायचं राहून गेलं. ते संविधानाच्या सतराव्या कलमात आलं, १९५० साली.